शेकोटीकाकांची बंदूक

आमच्या शेडमध्ये दोन धंदे चालतात. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात मी खुर्च्यांना वेत विणते आणि आतल्या अर्ध्या भागात मास्तर लाकूडसामानाला पॉलिश करतात. मधे भिंत नाही. बावीस वर्षं मी त्यांच्या भुशात आणि त्यांनी माझ्या वेताच्या ढलप्यांत काढली. भांडण झालं ते एकदाच, पंखा कुणाकडे तोंड करून ठेवायचा यावरून, आणि तेही दुपारच्या चहापर्यंत टिकलं नाही.

हे शाळेतले मास्तर नव्हेत. हाताला गुण असलेल्या माणसाला लोक काहीतरी म्हणतात, तसं यांना मास्तर म्हणतात. त्यांनी केलेल्या टेबलावर जेवायला बसलं की आपणच आपल्याला जेवताना दिसतो, असं गिऱ्हाइकं सांगायची. एका बाईंनी तर त्यामुळे आपली एक पोळी कमी झाली अशी तक्रारच केली होती. मास्तर अशा वेळी हसायचे नाहीत. नुसता अंगठा लाकडावरून फिरवायचे. कुठे काही लागलं की पुन्हा घासायला घ्यायचे. कपांची वर्तुळं, इस्त्रीचा चटका, पोरांनी कर्कटकानं कोरलेली नावं, सगळं त्यांच्या हाताखाली नाहीसं व्हायचं. "डाग म्हणजे कुणाचं तरी दुर्लक्ष," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मलाही पटायचं. न पटायला काय होतं?

त्यांचे थोरले काका वारले त्या वर्षीची ही गोष्ट.

काका फौजेत होते. उमेदीची वीस वर्षं तिथे घालवून भावाच्या, म्हणजे मास्तरांच्या वडिलांच्या घरी राहायला आले. लग्न केलं नाही. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती, तीच त्यांनी मागून घेतली, कारण तिची एक भिंत चुलीमुळे गरम असायची. नोकरी धरली तीही कपडे धुण्याच्या कारखान्यात, बॉयलरवर. इतर माणसं तिथे चार महिन्यांत पळून जायची. काका निवृत्त होईपर्यंत टिकले. उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती, त्यामुळे चाल थोडी तिरकी. घरातल्यांनी त्यांना शेकोटीकाका नाव ठेवलं, आणि पुढे ते नाव इतकं रुळलं की टपालवालाही तेच विचारत यायचा.

"लहानपणी आम्ही भावंडं त्याच्या मागे लागायचो," मास्तरांनी मला एकदा सांगितलं होतं. "काका, लढाईत किती जणांना मारलंस? तर म्हणायचा, एकालाही नाही. आम्ही पोट धरून हसायचो. बाबा म्हणायचे, आमच्या दादाला सरकारनं तिथे चहा उकळायला ठेवला होता. काकापण हसायचा हो आमच्याबरोबर."

काका गेले ते झोपेतच, पंच्याऐंशीच्या घरात. मास्तरांचे आईवडील आधीच गेले होते, त्यामुळे खोली आवरायचं मास्तरांकडे आलं. खाटेखाली घोंगडीत गुंडाळलेली एक बंदूक निघाली. फौजी, लांब नळीची, काकांच्या तरुणपणी वापरात असलेली. नव्या बंदुका आल्यावर फौजेनं जुन्या मोडीत काढल्या, त्या वेळी नळी बुजवून, आतला खटका काढून टाकून काही बंदुका जुन्या शिपायांना आठवण म्हणून दिल्या होत्या. तसा रीतसर कागद सोबत होता. मास्तर तो घेऊन ठाण्यात जाऊन आले. तिथल्या हवालदारानं बंदूक उलटीपालटी केली आणि म्हणाला, "यापेक्षा लाटणं धोक्याचं. घेऊन जा."

चापाभोवतीच्या कड्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली होती. काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यावर मास्तरांचं घरातलं नाव आणि खाली दोन वाक्यं: "लाकडाचं तुला कळतं. सांभाळ."

मास्तर बंदूक शेडमध्ये घेऊन आले त्या सकाळी मी एका आरामखुर्चीची बैठक उसवत होते. त्यांनी घोंगडी माझ्याच टेबलावर उलगडली.

"बाई, बघा. अक्रोड आहे. असं लाकूड आता मिळत नाही."

मी बघितलं. लाकूड काळवंडलं होतं. तेल, घाम, धूर, काय काय मुरलं होतं त्यात. खांद्याला टेकवतात त्या मागच्या रुंद भागावर, म्हणजे दस्त्यावर, डाव्या अंगाला खाचा होत्या. चाकूच्या टोकानं पाडलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या, ओळीनं. काही ठिकाणी उभ्या खाचेवर आडवी खाच.

"हे काय?" मी विचारलं.

मास्तरांनी खाचांवरून अंगठा फिरवला. दोघांच्याही मनात एकच आलं होतं. फौजी माणूस, बंदूक, आणि ओळीनं खाचा. असल्या गोष्टी आपण कुठे ना कुठे ऐकलेल्या असतात.

"आमच्या हिनं काल बघितलं," शेवटी ते म्हणाले. "ती म्हणते, एवढ्या जणांचा जीव घेतलेली वस्तू मला घरात नको. आणि हा म्हातारा, बाई, मला आयुष्यभर सांगत आला, एकालाही नाही. मी काय करू? तेलाचा हात मारून गुंडाळून ठेवतो."

त्यावर मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मास्तर, काकांनी ती तुमच्याकडेच का दिली? तुम्ही डाग काढता म्हणून. ते बिचारे ओझं घेऊन जगले, तुम्ही उतरवा. घासून टाका."

मोजायची सवय असलेली बाई मी. घरं मोजल्याशिवाय माझा हात वेतातून पुढे सरकत नाही. पण त्या खाचा मी मोजल्या नाहीत.

मास्तरांना माझं म्हणणं पटलं, नुसतं पटलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. काकांसाठी काही करायचं राहून गेलं ही बोच त्यांना होतीच. शेवटची दोन वर्षं काका अंथरुणाला होते आणि मास्तर रोज कामावरून जाऊन त्यांच्या दाराशी उभे राहून "बरं आहे ना?" एवढंच विचारायचे. तर आता त्यांनी ठरवलं, की या बंदुकीवर आपल्या हयातीतलं सगळ्यात चांगलं काम करायचं.

तीन आठवडे लागले. त्यांनी लोखंड आणि लाकूड वेगळं केलं. लाकडावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली, म्हणजे चेपलेल्या जागा वर येतात. चेपलेल्या आल्या, कापलेल्या कशा येणार? मग पत्तीनं खरवडलं. खाचा खोल होत्या, काकांनी जोर लावून पाडलेल्या. दस्त्याचं जवळजवळ एक सूत लाकूड त्यांनी उतरवलं, आणि ते इतक्या बेतानं, की गोलाई कुठे मोडली नाही. मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. जवसाच्या तेलाचे हात. शेवटी चपड्याच्या लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्यानं, थरावर थर. एका दुपारी त्यांनी ती उजेडात धरली आणि मला हाक मारली. अक्रोडाच्या रेषा आतून पेटल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, "मास्तर, दृष्ट काढा तुमच्या हातांची." ते त्या दिवशी हसले.

त्यांनी ती घरी नेली नाही. काम बघायला येणाऱ्यांना नमुना म्हणून शेडमध्येच भिंतीवर लावली. दोनेक महिन्यांनी एक निवृत्त फौजी गृहस्थ पुस्तकांचं कपाट पॉलिशला टाकायला आले. त्यांची नजर भिंतीवर गेली. लोखंडावरचा नंबर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"हा नंबर लिहून पाठवा," ते म्हणाले. "पलटणीचं संग्रहालय आहे, तिथे जुनी दप्तरं आहेत. कुठल्या बंदुकीनं कुठे काय केलं, सगळं निघतं. घरच्या माणसाला माहीत असावं."

मास्तरांनी पत्र लिहायचं ठरवलं, पण दोन-तीन दिवस कागद तसाच कोरा. मला म्हणाले, "वाईट निघालं तर?" मी म्हटलं, "वाईट ते आपण धरूनच चाललोय. त्याहून काय वाईट निघणार?"

उत्तर महिन्याभरात आलं. जाड पाकीट. मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, कारण लांबलचक मजकूर वाचायचा तर त्यांना सोबत लागते. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पत्र दप्तर सांभाळणाऱ्या गृहस्थांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की हा नंबर बघून आपण खुर्चीतून उठलो. एका युद्धाच्या हिवाळ्यात नऊ माणसांची एक चौकी डोंगरमाथ्यावर बर्फात अडकली. खालची वाट बंद, बिनतारी यंत्र बंद. शत्रू त्यांना दिसलाही नाही. एकेचाळीस दिवसांनी सुटका झाली तेव्हा सहा जण जिवंत होते. चौकीचं रोजच्या नोंदीचं दप्तर मिळालं नाही, कारण ऊब मिळावी म्हणून कागद, खोकी, खाटा, जे जळतं ते सगळं त्यांनी जाळलं होतं. वाचलेल्यांपैकी एकानं जबानीत सांगितलं, की कागद संपल्यावर आमच्यातल्या एकानं स्वतःच्या बंदुकीच्या दस्त्यावर आधीच्या दिवसांच्या खाचा पाडून घेतल्या आणि पुढे रोज सकाळी एक खाच पाडायला सुरुवात केली, आणि ज्या दिवशी कुणी गेलं त्या दिवशीच्या खाचेवर आडवी खाच. ती बंदूक पुढे कुठे गेली याचा पत्ता नव्हता. वाट कोणत्या तारखेला बंद झाली ते माहीत आहे. त्यामुळे कितवी खाच आडवी आहे ते मोजलं, की गेलेल्या तिघांच्या मृत्यूची तारीख कळेल. आजपर्यंत ती कुणालाच माहीत नाही. सरकारी कागदावर "या आणि या तारखेच्या दरम्यान" एवढंच आहे.

इथे मास्तर थांबले. शेवटची ओळ त्यांनी मनात वाचली आणि पत्र माझ्या हातात दिलं. ती ओळ अशी होती: "आम्ही येईपर्यंत कृपया लाकडाला काहीही लावू नये."

दोघांनी भिंतीकडे बघितलं. सकाळचं ऊन दस्त्यावर पडलं होतं आणि समोरच्या रस्त्यावरून जाणारी सायकल त्यात दिसली.

मास्तरांनी त्या दिवशी हातातलं काम पुरं केलं. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते बंदूक उतरवून घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, तोंड भिंतीकडे करून, शिक्षा केलेल्या पोरासारखी. पत्राला उत्तर लिहिलं नाही. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा म्हणाले, "काय लिहू? तुम्ही सांगा." मला सुचलं नाही. त्यांना घासायला सांगताना मात्र मला बरं सुचलं होतं.

उत्तर नाही म्हटल्यावर ते दप्तरवाले गृहस्थ स्वतःच आले, पूर्वसूचना देऊन, आणि बरोबर एक बाई होत्या. साठी ओलांडलेल्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, चालणं-बोलणं नेटकं. गृहस्थांनी ओळख करून दिली. बाई निवृत्त नर्स. गेलेल्या तिघांपैकी एकाची मुलगी. बर्फात वडील गेले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या.

त्या यायच्या आधी सकाळी मी मास्तरांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "हे बघा, एक तारीख ठोकून द्या. घासायच्या आधी मोजलं होतं म्हणावं. कोण खोटं पाडणार? त्या बाईंचंही समाधान, तुमचीही सुटका." मास्तरांनी खुर्च्या पुसायला घेतल्या.

मी माझी चांगली खुर्ची नर्सबाईंना दिली. मास्तरांनी घोंगडी आणली, उलगडली, आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाले, "मी घासून टाकलंय. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ती मारलेल्या माणसांची मोजणी आहे."

गृहस्थ आपल्या पिशवीतून भिंग काढत होते, ते तसेच थांबले. मग त्यांनी बॅटरी लावून आडवा उजेड पाडला, भिंग लावलं, दस्ता इंचाइंचानं बघितला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाठ सरळ करून म्हणाले, "कधी कधी खाचेच्या तळाची रेघ राहते. इथे काहीच नाही. काम फार उत्तम केलंय तुम्ही."

टोमणा नव्हता तो. म्हणूनच तो मास्तरांना जास्त लागला.

गृहस्थांनी मग काकांच्या नोकरीच्या पुस्तकातली एक नोंद वाचून दाखवली. सुटकेनंतर चार महिन्यांनी, काका इस्पितळातून बाहेर आले तेव्हाची. सरकारी शस्त्राची जाणूनबुजून नासधूस, एकेचाळीस खाचा, त्याबद्दल हुद्दा एक पायरी खाली. नासधूस मोजली होती. खाचा कसल्या, ते विचारल्याची नोंद नव्हती. काकांनी नंतर स्वतःहून शस्त्रागारात काम मागून घेतलं होतं आणि पुढची सगळी वर्षं तिथेच काढली. का, ते आता आम्हाला कळत होतं. ती एक बंदूक नजरेआड होऊ नये म्हणून.

नर्सबाईंनी दस्त्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांना तर माहीत होतं ना? त्यांनी आम्हाला एक ओळ का लिहिली नाही? आम्ही इथून बसनं तीन तासांवर होतो."

मास्तर म्हणाले, "त्याला शिक्षा झाली होती त्याची. पुन्हा कुणाला काय सांगणार? आणि लिहायची त्याला सवय नव्हती. बोलायची तरी कुठे होती... खरं सांगू का बाई, आम्ही विचारलंच नाही. चाळीसहून जास्त वर्षं एका घरात होता. आम्ही फक्त किती मारले ते विचारलं."

"आमच्या वॉर्डात माणूस गेला की वेळ लिहायचो," नर्सबाई म्हणाल्या. "तास, मिनिट. कुणी नसलेल्या माणसाचीसुद्धा. मी शेकडो लिहिल्या असतील. आणि माझ्या आईला एक दिवस माहीत नाही. ती दर हिवाळ्यात ते सगळे एकेचाळीस दिवस गप्प असायची. आम्हाला कळायचं, आता आई बोलायची नाही. बेचाळिसाव्या दिवशी सकाळी उठून, पाणी तापलं का, म्हणून विचारायची. एवढी वर्षं."

"आई आहेत?" मी विचारलं.

"आहे. नव्वदीला आलीये. आता फार दिवस नाहीत."

गृहस्थांनी घसा साफ करून विचारलं, "तुमच्या हाताला काही आठवतंय का? तुम्ही तीन आठवडे त्यावर काम केलंत. आडव्या खाचा कुठे होत्या?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि अंगठा दस्त्यावरून फिरवला. मी तो अंगठा हजार वेळा फिरताना बघितलाय, पण असा नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एक पुढे होती, सुरुवातीला. दोन मागे, जवळजवळ. त्यातली एक खोल होती, ती उतरवताना त्रास झाला होता."

"जबानीप्रमाणे यांचे वडील सगळ्यात शेवटी गेले," गृहस्थ उत्साहानं म्हणाले. "म्हणजे शेवटची आडवी. तिच्यानंतर किती खाचा होत्या?"

मास्तरांनी पुन्हा अंगठा फिरवला. गुळगुळीत लाकडावर तो कुठे अडत नव्हता.

"चार असतील. सहा असतील. मला नाही सांगता येत."

तेव्हा नर्सबाई खुर्चीतून थोड्या पुढे वाकल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "एक आकडा सांगा. कुठलाही. मी खरा मानीन. मला घरी जाऊन आईला सांगायचंय."

मी मास्तरांकडे बघितलं. मनात म्हणत होते, बोला हो, बोला. पाच म्हणा. पाच म्हणायला काय लागतं? गृहस्थांनीसुद्धा तोंड वळवून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली होती, म्हणजे त्यांचीही हरकत नसावी.

मास्तरांनी दस्त्यावरून हात काढून घेतला. शेवटी म्हणाले, "काकानं ते बर्फात बसून, बोटं झडत असताना खरं लिहिलं होतं. ते मी पुसलं. आता त्यावर मी माझ्या मनचं कसं लिहू?"

नर्सबाई मागे टेकल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पर्स उचलली आणि उठल्या. मी केलेला चहा तसाच राहिला, वर साय धरून. दाराशी त्या मला म्हणाल्या, "खुर्ची छान विणलीये," आणि गेल्या.

बंदूक गृहस्थ घेऊन गेले. मास्तरांनीच दिली. "माझ्याकडे सांभाळली जात नाही," म्हणाले.

त्या हिवाळ्यात मास्तर फार कमी बोलले. कामात चूक नव्हती, पण गिऱ्हाईक आलं की ते एक नवीनच करायला लागले. टेबलाला हात लावायच्या आधी विचारायचे, हा चटका कशाचा? ही नावं कुणाची? हे काढायचंय ना नक्की? लोक वैतागायचे. एक जण म्हणाला, "अहो मास्तर, पॉलिशला टाकलंय, चौकशीला नाही." दोन-तीन जणांनी मात्र थोडा विचार करून, राहू द्या ते, म्हणून सांगितलं. एका खुर्चीच्या हातावर दातांच्या खुणा होत्या. त्या माझ्या मुलीच्या, ती आता परदेशात असते, असं सांगून एक बाई इतका वेळ बोलत बसल्या की माझी बैठक त्या दिवशी अर्धीच राहिली.

हिवाळा संपता संपता नर्सबाईंचं पत्र आलं. मास्तरांनी ते एकट्यानं वाचलं आणि मग माझ्याकडे दिलं. आई गेल्याचं कळवलं होतं. वर तारीख आणि वेळ, मिनिटासकट. पुढे लिहिलं होतं, की तुमच्याकडून आल्यावर मी आठ दिवस तिला काही सांगितलं नाही. मग एके दिवशी तिनं विचारलं, तर मी सांगितलं, छत्तिसावा दिवस. कुणी सांगितलं, म्हणाली. मी सांगितलं, बाबांच्या सोबत्याच्या पुतण्यानं, त्यानं बंदुकीवर मोजलं. तिनं बोटांवर हिशेब केला आणि तो कुठला वार होता ते विचारलं. या वर्षी ती त्या एका दिवशी गप्प होती, बाकीचे दिवस बोलत होती. तुमच्या नावावर खोटं घातलं याबद्दल माफ करा.

मी पत्राची घडी घातली. "चांगलं केलं त्यांनी," मी म्हटलं.

"चांगलंच केलं," मास्तर म्हणाले. "पण ते मी करायला हवं होतं, बाई. खरं बोलायचं तर बंदूक हातात आली त्या दिवशी चार माणसांना विचारायचं होतं. तेव्हा मी खरं शोधलं नाही. आणि जिथे खोट्यानं कुणाचं भलं होणार होतं तिथे मला खऱ्याची आठवण झाली. माझी सगळी वेळच चुकली."

मी म्हटलं, "घासा म्हणून मी सांगितलं होतं."

"हात माझे होते," ते म्हणाले, आणि बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कामाला लागले. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. माझ्या वाट्याचं जे आहे ते त्यांनी मला कधी उगाळून दिलं नाही, आणि मलाही ते कुठे उतरवून ठेवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी संग्रहालयाचं बोलावणं आलं. चौकीच्या नऊ माणसांचं एक कपाट मांडलं होतं. मास्तर एकट्यानं जायला तयार होईनात, म्हणून मी आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दोघी बरोबर गेलो. लांबट दालन, ओळीनं काचेची कपाटं, आत जुन्या बंदुका, सगळ्या काळपट, चिरलेल्या, पट्टे कुजलेले. आणि एकच लखलखीत. खाली पाटी होती: शिपायानं कोरलेल्या एकेचाळीस दिवसांच्या खुणा या दस्त्यावर होत्या, त्या आता नाहीत. मास्तरांचं नाव त्यांनी घातलं नव्हतं. काकांचं होतं, पूर्ण, हुद्द्यासकट, खाली उतरवायच्या आधीच्या. शेकोटीकाका या नावाला इतकी वर्षं सरावलेल्या वहिनींना ते दोनदा वाचावं लागलं.

शेजारी एक जोडपं उभं होतं. नवरा बायकोला म्हणाला, "बाकीच्या बघ कशा टाकून दिल्यात. ही एकच नीट ठेवलीये."

मास्तर काचेपाशी तसेच उभे राहिले. मग वहिनींनी त्यांच्या कोपराला हात लावून, "चला, बस चुकेल," म्हटलं. आम्ही बाहेर आलो. थांब्यावर वारा फार होता. बस यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, काकांना आवडायचं काय हो खायला? आणि मास्तरांना ते सांगता आलं नाही.